आधी बूड, मग नक्षी : अरिता, इमारी आणि क्योतो

मंगळवार, अरिता

क्युशू बेटावरच्या सागा प्रांतात डोंगरांनी वेढलेले अरिता नावाचे लहानसे गाव आहे. जपानमध्ये पोर्सेलिन पहिल्यांदा भाजले गेले ते याच परिसरात, सतराव्या शतकाच्या आरंभी. मी जुन्या जपानी पोर्सेलिनची लहान भांडी जमवते. त्यातही माझा ओढा सोबा-चोकोकडे आहे. हे मुठीत मावणारे, बिनकानाचे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे पेले असतात. आज त्यांत सोबा शेवयांसोबतचे सार देतात. पूर्वी मात्र आपल्या पानातल्या डाव्या बाजूसारखे थोडेथोडे वाढायचे पदार्थ त्यांतून वाढले जात. पुण्यात बसून छायाचित्रे पाहून आणि लिलावांच्या याद्या चाळून नजर एका मर्यादेपर्यंतच तयार होते. भांडे हातात घेतल्याशिवाय, आणि त्याची माती ज्या डोंगरातून निघाली तो डोंगर पाहिल्याशिवाय पुढचे कळत नाही, अशी माझी बऱ्याच दिवसांची धारणा होती. फुकुओकाला शिकणारा भाचा दुभाषी म्हणून सोबत यायला तयार झाला, तेव्हा आम्ही नोव्हेंबरचा तिसरा आठवडा निवडला, कारण दर महिन्याच्या २१ तारखेला क्योतोच्या तोजी मंदिरात भरणारा बाजार त्यात बसत होता.

हाकाता स्थानकावरून ‘मिदोरी’ एक्सप्रेसने निघालो आणि दुपारच्या आत अरिताला उतरलो. सामान ठेवून थेट टेकडीवरच्या क्युशू सिरॅमिक म्युझियममध्ये गेलो. संग्राहकाने अरितामध्ये पहिले पाऊल इथेच टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन. इथला शिबाता संग्रह म्हणजे एका दांपत्याने जमवून संग्रहालयाला दिलेली दहा हजारांहून अधिक भांडी. या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. शिबाता पतिपत्नींनी फक्त देखण्या वस्तू वेचल्या नाहीत. एदो काळातल्या (१६०३–१८६८) अरिताच्या उत्पादनात दशकादशकाला काय बदलत गेले ते दिसावे, अशा शिस्तीने त्यांनी वस्तू गोळा केल्या. एकाच प्रकारची बशी पन्नास-शंभर वर्षांत कशी बदलत गेली हे सलग चालत पाहता येते, आणि ते पाहताना डोक्यात विखुरलेली माहिती आपोआप रांगेत उभी राहते.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती बुडाच्या कड्याची, म्हणजे भांडे ज्यावर टेकते त्या गोल उंचवट्याची, गोष्ट. १६१० ते १६४० या काळातल्या बशांचे कडे फार लहान असते, बशीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश. बशी जाड, हाताला जड आणि किंचित वाकडी असते. पुढे चिनी पद्धतीचे तंत्र आत्मसात झाले, बशा पातळ आणि रुंद झाल्या, कडेही रुंद झाले. पण कडे रुंद केले की त्याच्या आतला भाग भट्टीच्या उष्णतेत खाली खचू लागतो. म्हणून अरिताचे कारागीर कड्याच्या आत मातीचे बारीक टोकदार टेकू लावत आणि भाजून झाल्यावर ते तोडून टाकत. त्या टेकूंचे टाचणीच्या डोक्याएवढे खडबडीत ठिपके बुडाच्या झिलईत कायमचे राहून जातात. चीनमधले पोर्सेलिनचे मुख्य केंद्र असलेल्या जिंगदेझेनच्या भांड्यांवर ते दिसत नाहीत, कारण तिथली माती अशा टेकूंशिवाय भट्टीत आकार धरून राहते. समोरून दोन बशा इतक्या सारख्या असतात की भल्याभल्यांना त्यांतला फरक सांगता येत नाही, आणि पालथ्या घातल्या की हे ठिपकेच त्यांचा देश सांगतात.

दुपारी स्थानकाजवळ ‘अरितायाकी करी’ खाल्ली. चीज घालून भाजलेला करी-भात अरिताच्याच पोर्सेलिनच्या वाडग्यात देतात आणि वाडगा घरी नेता येतो. करी आपल्या जिभेला गोडसर लागते, पण दिवसभर थंडीत हिंडल्यावर ती चांगली वाटली. रात्री मुक्कामाच्या घरी गोदोफू मिळाले. हे सोयाबीनच्या दुधात पिष्ट घालून शिजवलेले असते, नेहमीच्या तोफूपेक्षा मऊ आणि ताणले जाणारे. वरून तिळाचे गोडे-खारे वाटण होते. शाकाहारी वाचकांनी हे लक्षात ठेवावे की अशा वाटणात आणि बहुतेक सर्व सारांत सुक्या माशाचा अर्क असू शकतो. त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, माशाचा अर्कही नको असे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

संग्रहालय सोमवारी बंद असते; कायमस्वरूपी दालने पाहायला तिकीट लागत नाही.

बुधवार, उचियामा आणि इझुमियामा

सकाळपासून पाऊस लागला होता. गावाचा जुना भाग म्हणजे उचियामा. तिथे जायला कामी-अरिता स्थानक जवळ पडते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत आणि मागच्या गल्ल्यांत तोनबाई भिंती आहेत. मोडलेल्या भट्ट्यांच्या विटा, भट्टीतल्या टाकाऊ वस्तू आणि तांबडी माती यांनी त्या रचलेल्या आहेत. वर्षानुवर्षे आग सोसलेल्या त्या विटांवर राखेची नैसर्गिक झिलई चढलेली असते, आणि पावसात भिजल्यावर ती हिरवट-तपकिरी चमकू लागते. छत्री धरून आम्ही त्या भिंतींपाशी बराच वेळ रेंगाळलो.

इझुमियामाची खाण गावाच्या टोकाला आहे. परंपरा असे सांगते की जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या १५९२ ते १५९८ मधल्या कोरियावरील स्वाऱ्यांत नाबेशिमा सरदाराच्या फौजेने इकडे आणलेल्या री सांपेई या कोरियन कुंभाराला १६१६ साली इथे पोर्सेलिनचा दगड सापडला. तो आणि त्याच्यासारखे असंख्य कारागीर स्वखुशीने आले नव्हते, हे जपानी पोर्सेलिनची आवड असणाऱ्याने विसरू नये असे मला वाटते. पोर्सेलिनसाठी लागणारी ही ‘माती’ प्रत्यक्षात दगड आहे. तो फोडायचा, पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या उखळांत कुटायचा आणि गाळून घ्यायचा. जवळपास चारशे वर्षे खणत राहिल्याने इथे डोंगराच्या जागी प्रचंड खळगा उरला आहे. कुंपणापलीकडे पांढरट, पिवळट आणि गंजाच्या रंगाचे कडे दिसतात. तो गंज म्हणजे लोह. जुन्या अरिताच्या भांड्यांचा पांढरा रंग किंचित करडा-निळसर का, आणि त्यांत मधूनच बारीक काळे ठिपके का, याचे उत्तर समोर उभे होते. आजचे कारखाने मुख्यतः आमाकुसाचा अधिक शुद्ध दगड वापरतात, म्हणून नवी भांडी स्वच्छ पांढरी दिसतात. यापुढे एखाद्या ‘सतराव्या शतकातल्या’ बशीचा निर्दोष, कागदासारखा शुभ्रपणा दिसला की माझा हात आखडेल.

खाणीला लागूनच गावाचे इतिहास संग्रहालय आहे. तिथे भट्ट्यांच्या उत्खननात निघालेल्या खापऱ्या मांडल्या आहेत. मला खापऱ्या अखंड भांड्यांपेक्षा अधिक आवडतात, कारण त्यांत मातीचा कण, झिलईची जाडी आणि नक्षीचा रंग एकाच छेदात दिसतो. शिराकावा भागातले तेंगुदानी भट्टीचे अवशेषही चालत पाहता येतात. उतारावर एकावर एक चढत गेलेल्या कक्षांची ती भट्टी होती. अशा भट्ट्यांना लाकूड इतके लागे की डोंगर उघडे पडू लागले, आणि १६३७ साली नाबेशिमा सरकारने आठशेहून अधिक कुंभारांना हुसकावून लावून भट्ट्या मोजक्या ठिकाणी एकत्र केल्या. त्यानंतर अरितातला मुख्य धंदा पोर्सेलिनचा झाला. या संरक्षित जागांवरून खापरी उचलणे बेकायदा आहे. ओढ्याच्या पात्रात निळ्या नक्षीचा तुकडा दिसला तरी तो तिथेच राहू द्यावा.

तोझान देवळाची पायवाट रेल्वेचे रूळ ओलांडून वर जाते. तिथले पोर्सेलिनचे तोरी म्हणजे प्रवेशतोरण १८८८ सालचे आहे. पांढऱ्यावर निळ्या वेलींची नक्षी, आणि पावसाचे पाणी तिच्यावरून निथळत होते. देवळामागच्या चढावर री सांपेईचे स्मारक आहे. १८२८ साली वादळात लागलेल्या आगीने जवळजवळ सारे अरिता जळाले. इझुमियामाजवळचा सुमारे हजार वर्षांचा गिंको वृक्ष मात्र वाचला. आम्ही गेलो तेव्हा तो पूर्ण पिवळा झाला होता.

दुपारनंतर एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. मी संग्राहक आहे असे भाच्याने सांगितल्यावर त्यांनी काही न बोलता तीन लहान बशा पालथ्या घालून माझ्यासमोर ठेवल्या. तिन्हींच्या बुडावर तीच सहा चिनी अक्षरे होती, ज्यांनुसार त्या मिंग घराण्याच्या छंगह्वा सम्राटाच्या राजवटीत, म्हणजे १४६५ ते १४८७ या काळात बनल्या असे मानावे लागेल. तिन्हींपैकी एकही त्या काळातली नव्हती. एकीच्या मधोमध टेकूचा एक ठिपका होता, कड्याची धार झिजून गुळगुळीत झाली होती आणि वरच्या कडेवर लोहाची तपकिरी रेघ होती. ती अरिताची, अठराव्या शतकाच्या आरंभीची. दुसरीचे कडे नीट तासलेले होते, ठिपका नव्हता आणि माती दाट पांढरी होती. ती जिंगदेझेनची, छिंग घराण्यातल्या कांग्शी सम्राटाच्या (१६६२–१७२२) काळातली. तिसरीचा निळा रंग भडक आणि सपाट होता. ती मेइजी काळातली (१८६८–१९१२), कारखान्यात तयार झालेल्या कोबाल्टची, म्हणजे निळ्या रंगद्रव्याची.

“मावशी, त्या म्हणतात की आधी बूड, मग नक्षी, आणि अक्षरे सगळ्यात शेवटी,” भाचा म्हणाला.

हे वाक्य मी टिपून घेतले. छंगह्वा काळातली भांडी चिनी रसिकांत इतकी मान्यता पावली होती की पुढच्या पिढ्यांनी तिचे नाव आदराने वापरले. कांग्शीच्या काळात, १६७७ साली, जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने सत्तेवर असलेल्या सम्राटाचे नाव भांड्यांवर घालायला मनाई केली, त्यामुळे चिनी कारागीरही जुनी नावे लिहू लागले. आणि जपानी कारागिरांसाठी ती अक्षरे उत्तम चिनी मालाची खूण होती. फसवण्याचा हेतू दरवेळी नसे. तरीही आज आपल्याकडे लिलावात अशी अक्षरे पाहून ‘मिंग’ म्हणून वस्तू विकली जाते तेव्हा फार वाईट वाटते, कारण त्यात खऱ्या अरिताच्या कारागिराचेही श्रेय बुडते.

अठराव्या शतकातली बशी मी घेतली. तिच्या कडेचा लहान टवका उडाला होता, म्हणून किंमत बारा हजार येनवर आली होती. निर्दोष असती तर मला परवडली नसती. मर्यादित पैशांत जमवणाऱ्यांनी टवके आणि केसाएवढ्या चिरा यांना घाबरू नये. अभ्यासासाठी टवका उलट सोयीचा असतो, कारण तिथे उघडी माती दिसते.

गुरुवार, इमारी आणि ओकावाचियामा

मात्सुउरा रेल्वेच्या एका डब्याच्या गाडीने इमारी अर्ध्या तासात येते. अरिताचा माल या बंदरातून जहाजांत चढे, म्हणून साऱ्या जगात तो इमारी याच नावाने ओळखला गेला. ही निर्यात सुरू होण्याचे कारण चीनमध्ये होते. १६४४ साली मिंग सत्ता कोसळली, पुढची कित्येक दशके दक्षिणेत लढाया आणि किनाऱ्यावर बंदी चालू राहिली, आणि जिंगदेझेनचा माल मिळेनासा झाला. नागासाकीच्या देजिमा बेटावर बसलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने मग अरिताकडे मोर्चा वळवला. १६५९ साली तिने पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. यांतला काही माल सुरतेच्या वखारीतही उतरत असे. एका देशातल्या यादवीने दुसऱ्या देशातल्या डोंगराची खाण केली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

स्थानकापासून बसने पाव तासात ओकावाचियामा येते. बसच्या फेऱ्या फार कमी आहेत. परतीची वेळ आधी पाहून ठेवावी, नाहीतर टॅक्सी बोलवावी लागते. तीन बाजूंनी सुळक्यांसारखे खडक आणि त्यांवर सकाळचे धुके होते. नाबेशिमा सरदाराने आपली खास भट्टी १६७५ च्या सुमारास इथे हलवली आणि १८७१ मध्ये सरदारक्या संपेपर्यंत ती इथेच चालली. गावाच्या तोंडाशी चौकी होती. इथला माल विकला जात नसे. तो शोगुनला (जपानच्या लष्करी सत्ताधीशाला), दरबारी अधिकाऱ्यांना आणि इतर सरदारांना भेट म्हणून जाई. तंत्र बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांवर पाळत असे, आणि सदोष नग फोडून पुरून टाकत.

नाबेशिमाच्या बशा ठरावीक मापांच्या असत : साधारण ९, १५, २१ आणि ३० सेंटिमीटर. कडे उंच, आणि त्यावर निळ्या रंगात कंगव्याच्या दात्यांसारख्या उभ्या रेघा. या रेघा आधी बाह्यरेषा काढून आत रंग भरून केलेल्या असतात. पुढच्या काळातल्या आणि नकली नगांत त्या बहुतेक वेळा एकाच फटकाऱ्यात ओढलेल्या दिसतात. भिंगाखाली हा फरक स्पष्ट कळतो.

एका कारखान्यात नक्षीकाम करणाऱ्या बाईंनी आम्हाला आत बसायला सांगितले. भेटीच्या बशा संचाने दिल्या जात, त्यामुळे प्रत्येक नगावर नक्षी तंतोतंत तीच यावी लागे. त्यासाठी पातळ कागदावर भोपळ्याच्या कोळशाने रेषा काढून तो कागद भाजलेल्या बशीवर दाबत, आणि उमटलेल्या फिकट रेषेवरून कोबाल्ट फिरवत. भोपळ्याचा कोळसा भट्टीत पूर्ण जळून जातो, मागे काही राहत नाही. बाईंनी ते करून दाखवले आणि मग जाड पोटाच्या कुंचल्यात पातळ निळा रंग भरून तो रेषांच्या आत सोडला. कुंचला बशीला जवळजवळ टेकत नव्हता. रंगाचा थेंब पुढे ढकलत न्यायचा आणि उरलेला शोषून घ्यायचा. हे भरणकाम परंपरेने बायकांचे. “किती वर्षे लागतात?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सरळ सपाट रंग यायला दहा. आकाश भरायला अजून शिकते आहे.” त्यांनी आम्हाला हिरवा चहा दिला, सोबत खारवलेला मुळा, आणि आमच्याकडून काहीही विकत घेण्याची अपेक्षा ठेवली नाही.

गावाच्या एका बाजूला निनावी कारागिरांचे स्मारक आहे. ज्यांचे कुणी वारस उरले नाहीत अशा कुंभारांच्या थडग्यांचे दगड एकत्र करून ते रचले आहे. त्यांत कोरियाहून आणलेलेही आहेत. सम्राटाचे नाव लिहिलेली हजारो भांडी संग्रहालयांत आहेत आणि ती घडवणाऱ्यांची नावे या दगडांवरही नाहीत. मी तिथे नमस्कार केला.

इमारीहून बसने फुकुओका आणि तिथून शिनकानसेनने रात्री क्योतो गाठले.

शुक्रवार, तोजीचा बाजार

तोजी मंदिराची स्थापना ७९६ सालची. कोबो दाइशी म्हणजे कुकाई या आचार्यांचे ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला देहावसान झाले, म्हणून दर महिन्याच्या २१ तारखेला त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात आणि त्या निमित्ताने बाजार भरतो. क्योतोकर त्याला आपुलकीने ‘कोबो-सान’ म्हणतात. मंदिराच्या आवारात शेकडो दुकाने लागतात : जुने किमोनो, लोखंडी किटल्या, रोपे, लोणची, भाजलेले मासे आणि जुनी भांडी. जवळच ५५ मीटर उंचीचा पाचमजली लाकडी मनोरा उभा आहे.

आम्ही पहाटे साडेपाचला पोहोचलो. आकाश निरभ्र होते आणि बोटे बधिर करणारी थंडी होती. विक्रेते विजेरीच्या उजेडात वर्तमानपत्रे सोडत होते. चांगल्या वस्तू याच वेळी जातात, आणि घेणारे बहुतेक दुसरे व्यापारी असतात. सोबत लहान विजेरी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि सुट्ट्या नोटा असाव्यात. घासाघीस चालते, पण आपल्या जुन्या बाजारातल्यासारखी निम्म्यावर यायची नसते. दोन-तीन नग एकत्र घेऊन ‘थोडे कमी होईल का’ असे एकदाच विचारावे. वस्तू उचलण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि दोन्ही हातांनी, जमिनीपासून फार वर न नेता ती पाहावी.

शिगा प्रांतातून आलेल्या एका गृहस्थांकडे फक्त मेइजी काळातली छापील भांडी होती. गंभीर संग्राहक यांच्याकडे वळून पाहत नाहीत. मला हे योग्य वाटत नाही. १८७० नंतर परदेशी कोबाल्ट स्वस्त झाले आणि कोरलेल्या कागदातून रंग उमटवण्याची, व पुढे तांब्याच्या पत्र्यावरून कागदी ठसा घेऊन तो चिकटवण्याची पद्धत आली. त्यामुळे निळी-पांढरी बशी सामान्य घरांत सर्रास पोहोचली. कोरीव कागदाच्या नक्षीत रेषा मधूनमधून तुटलेल्या असतात, कारण कागद एकसंध राहायला जोड सोडावेच लागतात. तांब्याच्या ठशात रेषा केसासारख्या बारीक असतात आणि दोन ठसे जुळतात तिथे सांधा चुकलेला दिसतो. त्या गृहस्थांनी दोन्ही बशा शेजारी धरून हे बोटाने दाखवले. पाचशे ते दीड हजार येनमध्ये शंभर वर्षांहून जुनी बशी मिळते. नव्याने जमवू लागणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

माझा सोबा-चोको दुसऱ्या एका दुकानात सापडला. अंगभर वळणावळणांची वेल, जिला तिच्या गोल गोल फांद्यांमुळे ऑक्टोपसची वेल म्हणतात, आणि बुडाला मधे झिलईची टिकली, तिच्याभोवती झिलई पुसून काढलेले रुंद वर्तुळ. हे बूड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. मी कड्यावरून नख फिरवले, आतल्या तळाचे ओरखडे पाहिले. खऱ्या वापराचे ओरखडे सर्व दिशांना आणि कमी-जास्त खोल असतात; मुद्दाम केलेले बहुधा एकाच दिशेने जातात, आणि कड्याला चोळलेली माती ओल्या बोटाने निघून येते. इथे तसे काही नव्हते. साडेसहा हजार येन सांगितले होते, सहा हजारांना मिळाला.

त्याच दुकानात एक वस्तू मी केवळ पाहिली. निळा, विटकरी लाल आणि सोनेरी अशी सगळी लक्षणे इमारीची असलेली मोठी थाळी. पण ती हलकी होती, कडे कोरडे व धारदार होते आणि टेकूचा एकही ठिपका नव्हता. ती जिंगदेझेनची होती, अठराव्या शतकातली. १६८४ साली छिंग सरकारने सागरी बंदी उठवल्यावर चिनी माल पुन्हा बाजारात आला, आणि दरम्यान युरोपला अरिताच्या रंगांची चटक लागलेली होती, म्हणून चिनी कारागिरांनी जपानी नक्षी उचलली. चीनची उसनी अक्षरे लिहिणारी जपानी बशी बुधवारी पाहिली होती, आणि आता जपानची उसनी नक्षी मिरवणारी चिनी थाळी हातात होती. या दोन देशांच्या वस्तू वेगवेगळ्या कपाटांत ठेवून समजत नाहीत, हे माझे मत त्या सकाळी पक्के झाले. थाळीची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, पण विक्रेत्याने ती मला मनसोक्त हाताळू दिली.

शेजारी एक बाई फुटके वाडगे निवडून घेत होत्या. त्या किन्त्सुगी, म्हणजे फुटके भांडे लाखेने जोडून सांधा सोन्याच्या पुडीने उठवण्याची कला, शिकतात. दुरुस्त केलेला नग घेताना तो खऱ्या उरुशी लाखेने जोडला आहे की कृत्रिम गोंदाने, हे विचारावे, असे त्यांनी सांगितले. लाख दमट हवेत आठवडेच्या आठवडे वाळवावी लागते, म्हणून स्वस्त दुरुस्ती सहसा लाखेची नसते. आणि अशा नगात अन्न वाढू नये.

दहा वाजता गर्दी वाढली. आम्ही ओडेनच्या, म्हणजे सारात मंद शिजवलेल्या पदार्थांच्या, वाफाळत्या कढईपाशी उभे राहून मुळा आणि उकडलेले अंडे खाल्ले. २१ तारीख साधत नसेल, तर २५ तारखेला कितानो तेनमांगू देवळात असाच बाजार भरतो.

शनिवार, मीनाकारीचे घर आणि शिनमोनझेन

क्योतोतल्या शिराकावा ओढ्याजवळ मीनाकारीचे कारागीर नामिकावा यासुयुकी (१८४५–१९२७) यांचे घर आणि कारखाना आता संग्रहालय आहे. तांब्याच्या अंगावर सोन्याचांदीच्या तारांनी नक्षी उभी करायची, तिच्या कप्प्यांत काचेची भुकटी भरायची, भाजायची, पुन्हा भरायची आणि शेवटी घासून आरशासारखे करायचे, ही ती कला. जपानी कारागिरांनी सुरुवातीला चिनी नमुने समोर ठेवले. चिनी कामात तारा पार्श्वभूमीभर पसरलेल्या असतात, कारण त्या काचेला धरून ठेवतात. नामिकावांनी, जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॅगनर यांच्या मदतीने सुधारलेल्या काचेमुळे, मोठाली मोकळी पार्श्वभूमी तारेविना साधली. त्यांच्या काळ्याभोर फुलदाणीवर रात्रीच्या झाडांतली पाने तेवढी तारेची आहेत. भिंगातून पाहिले तर तारेची जाडी एकाच रेषेत कमी-जास्त होते, कुंचल्याने ओढल्याप्रमाणे. बागेतले तळे घराखालपर्यंत आलेले आहे. बाग उद्यानकार सातवे ओगावा जिहेई यांनी आखली, आणि तिला पाणी आले ते मीनाकारी घासायला घेतलेल्या, बिवा सरोवरातून येणाऱ्या कालव्याच्या पाण्यातून. हे संग्रहालय सोमवारी आणि गुरुवारी बंद असते, शिवाय उन्हाळ्यात व हिवाळ्यात दीर्घ सुट्टी असते. तारखा आधी पाहाव्यात.

संध्याकाळी शिनमोनझेन रस्त्यावरची जुन्या वस्तूंची दुकाने पाहिली. इथे दर्जा उंच आणि किमतीही तशाच. नेत्सुके, म्हणजे कमरपट्ट्याला डबी अडकवायचे कोरीव खडे, खूप दिसतात. हस्तिदंती नेत्सुके कितीही मोहक वाटला तरी भारतीयांनी घेऊ नये. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि आपल्याकडे १९९१ पासून आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. लाकडी नेत्सुके तितकेच सुंदर असतात. चहाची भांडी घेणार असाल तर कारागिराने सही केलेली लाकडी पेटी सोबत आहे का ते पाहावे; रोजच्या वापरातल्या इमारीला पेटी नसणे स्वाभाविक आहे.

परतल्यावर

भांडी मी हातसामानात आणली : आधी मऊ कागद, मग कापड, आणि पेल्याच्या पोटातही कागद, कारण पोकळी रिकामी राहिली तर दाब कडेवर येतो. प्रत्येक नगाची पावती, त्यावर विक्रेत्याने लिहिलेला काळ आणि किंमत, आणि बुडाचे छायाचित्र एकत्र ठेवले होते. मुंबई विमानतळावर ते कस्टम्सला दाखवले आणि पंधरा मिनिटांत बाहेर आलो.

ज्यांना जपानला जाणे लगेच शक्य नाही, त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक पूर्ण दुपार द्यावी. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू तिथे आहेत. पोर्सेलिनमध्ये पांढऱ्या रंगाची छटा आणि निळ्याची खोली पाहावी, मीनाकारीत पार्श्वभूमीच्या तारा मोजाव्यात, आणि पाटीवरचा देश वाचण्यापूर्वी स्वतःचा अंदाज वहीत लिहून ठेवावा.